चित्रात दाखवल्याप्रमाणे

तिने फोन उचलला, पण "हॅलो" काही नीट उमटलं नाही. खाकरून ती पुन्हा म्हणाली. शुक्रवारपासून ती कोणाशी बोलली नव्हती, आणि आज मंगळवार होता.

"मार्गदर्शिका तुम्हीच लिहिता ना?" एका पुरुषाने विचारलं. "शेवटच्या पानावर नंबर होता. दोन दिवस अडकलोय. तुम्ही लिहिलंय, चित्रात दाखवल्याप्रमाणे कमांड द्या."

"मग?"

"मला दिसत नाही. माझा कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवतो. तिथे तो नुसतं 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो."

कोडचे तुकडे जोडून चालता प्रोग्रॅम तयार करणारं ते सॉफ्टवेअर. त्याला बटणं नाहीत, सगळं टाईप करूनच सांगायचं. नऊ वर्षं ती घरी बसून त्याची मार्गदर्शिका सांभाळत होती. चित्रं तिनेच हौसेने टाकली होती. ती पानं कोणी वाचतं की नाही, याचा पत्ता नव्हता.

तिने ते पान उघडलं.

"आधी दोन आडव्या रेघा. चिकटून. मधे जागा सोडू नका..."

एकेक अक्षर ती सांगत गेली. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. मग तो एकदम हसला.

"झालं! उद्या काम द्यायचंय हो. नाहीतर नोकरीवर गदाच होती."

"आणखी चाळीस चित्रं आहेत," ती घाईने म्हणाली. "वाचून दाखवू?"

"नको ताई, तुम्ही लिहूनच टाका. माझ्यासारखे बरेच असतील."

फोन ठेवून ती लगेच कामाला लागली. तिने पहिलं चित्र काढून टाकलं आणि त्याच्या जागी शब्द लिहायला घेतले. दुपारचं जेवण राहूनच गेलं. संध्याकाळी एक प्रकरण पुरं झालं, ते तिने त्याला पाठवलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं.

"सगळं ऐकलं, कुठेही अडलं नाही. कॉम्प्युटर बाईच्या आवाजात वाचतो. आई कालच राहायला आलीय, तिला सवय नाही. आतून विचारतेय, कोण आल्यात, चहा टाकू का? काय सांगू?"

तिने "आभारी आहे" असं लिहिलं. पुसलं.

मग लिहिलं, "साखर कमी," आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.