पत्त्यात दडलेला पासवर्ड

संध्याकाळी आमच्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड बाहेरच्या कंपनीला द्यायचा होता. त्यात कुणी खरा पासवर्ड लिहून ठेवला असेल, तर रुग्णांची माहिती कुणाच्याही हाती लागली असती. ते शोधायचं काम माझ्याकडे. बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलंच.

मी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं, म्हणजे मजकुरातून ठरावीक साच्याच्या ओळी वेचणारं सूत्र: ‘पासवर्ड’सारखा शब्द, पुढे बरोबरचं चिन्ह, मग अवतरणात काहीतरी. चालवलं, तर ओळींचा पूर. बहुतेक ठिकाणी नुसतंच ‘इथे पासवर्ड टाका’.

"अगं बाई, ही चाळणी आहे की भिंत?" आमचा टीम लीड म्हणाला. "असाच गोंधळ घालणार असेल तर बंदच करू."

असल्या ओळी मी वगळल्या. यादी रिकामी झाली. त्याचा जीव भांड्यात पडला, माझा टांगणीला लागला. इतकी स्वच्छता मला घरातसुद्धा खरी वाटत नाही.

लेक नणंदेकडे होती. फोन लावला.

"काही तोंडात घातलं नाही ना गं तिने?"

"घातलं होतं. काढलं."

"काय होतं?"

"वहिनी, मी काय त्याचं नाव विचारत बसू? तिच्या मुठीत मावेल ते सगळं उचलते मी. ठेव आता!"

फोन ठेवला आणि चमकले. इथे मी नावच विचारत बसले होते. डेटाबेसच्या पत्त्यात वापरकर्त्याचं नाव, दोन ठिपके, पासवर्ड आणि @ असं सलग लिहितात. ‘पासवर्ड’ हा शब्द त्यात येतच नाही. शब्द सोडून मी त्या आकाराचं सूत्र लिहिलं.

एकच ओळ आली. चाचणीच्या फाइलमधली. तिच्यातला पासवर्ड खरा, चालू.

लीडचा चेहरा उतरला. "माझीच करणी. घाईत टाकली, म्हटलं नंतर काढू."

"नुसती पुसून भागणार नाही. कोडच्या जुन्या प्रतींत ती ओळ राहतेच. पासवर्डच बदलायला हवा."

त्याने बदलला. जुना चालतो का, तेही पाहिलं. नाही चालला. कोड वेळेत गेला.

मी बॅग उचलली तेव्हा तो म्हणाला, "उद्यापासून प्रत्येकाचा कोड तुझ्या सूत्रांतून गेल्याशिवाय पुढे जाणार नाही. पहिला माझा."

"मग चाचणीच्या फाइलीही वगळायच्या नाहीत."

"नाही वगळत, बाई! पळ आता, लेक वाट बघत असेल."