गुडघ्यांचं तेल

ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या बाबांनी लेकीचे दुखरे गुडघे तिच्या लहानपणी रोज ट्रान्सफॉर्मरच्याच जुन्या तेलानं चोळले होते. “यानं लोखंड गंजत नाही, मग माझी पोर कशी गंजेल?” असं ते हसून म्हणत.

आज तपासणीला आलेल्या बाईंनी बाबांच्या कारखान्यातली त्याच जुन्या तेलाची पिंपं सील केली. “काका, यातलं विष थोडं थोडं अंगात मुरतं, चरबीत वर्षानुवर्षं राहतं. आईच्या दुधातून बाळातही उतरतं.”

बाबा काम अर्ध्यावर टाकून निघाले. ते घरी पोचले, तेव्हा लेक तान्ह्याला पाजत होती.

“बाबा, तुमचं ते तेल आणलंत ना? आता नातवाची पाळी.”

बाळ चुटूचुटू दूध पीत होतं. बाबांनी तेलकट हात पाठीमागे लपवले.

“तेल नको,” ते कसेबसे म्हणाले. “आधी डॉक्टरांकडे चल. तुम्ही दोघंही.”