पाचवी ब चालायला निघते

शाळेच्या अंगणात कॉम्प्युटरची खोली बांधली गेली, तेव्हा खेळाच्या बाई मैत्री गायकवाड यांच्याकडे मैदान म्हणून फक्त जिना उरला. पालक खूश होते. कसबा पेठेतल्या मुलांना शाळेतच कॉम्प्युटर मिळणार होता. पाचवी ब मात्र बसून बसून चांगलीच गुबगुबीत व्हायला लागली होती.

"मैदान नाही तर नाही, गल्ल्या आहेत ना," म्हणत मैत्रीबाईंनी परवानगी काढली आणि रोज पहिल्या तासाला वर्ग घेऊन त्या झपाझप चालायला निघू लागल्या. तांबट आळी, बुरूड आळी, वळसा घालून परत शाळा. डब्यातले वेफर्स आणि नूडल्सही बंद. पोरांनी हे सगळं इतक्या आनंदाने मान्य केलं की बाईंना स्वतःचं कौतुक वाटलं.

महिनाअखेरीस वजनं झाली. सगळ्यांची वाढली होती.

मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, आपण मुलांना चालायला नेता की लग्नाला?"

बाई रोज रांगेच्या पुढे चालत. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहिल्या.

बुरूड आळीच्या वळणावर रांग आपोआप मंदावली. नव्या इमारतीच्या दारात एक आजी मोठा डबा घेऊन उभ्या होत्या. पोरं चालता चालता हात पुढे करत होती आणि आजी एकेका हातावर काहीतरी तळलेलं ठेवत होत्या. समोरच्या दुकानातून गेनबा मिठाईवाले जिलबीचे तुकडे वाटत होते. दोन्हीकडचं काम इतकं सराईत होतं की रांग कुठे तुटतही नव्हती.

"आजी, हे काय चाललंय?"

"सांभारवडी. घ्या नं बाई, तुम्ही पण घ्या."

"वडीत सांबार?"

"अवं, आमच्या अकोल्याले कोथिंबिरीले सांभार म्हणतात."

"अहो, पण मी यांना घाम गाळायला आणते आणि तुम्ही यांना तळण देता! वजनं वाढली सगळ्यांची."

"आमच्या जिलबीकडे बघू नका," समोरून गेनबा म्हणाले. "तिच्यात भोकंच जास्त."

आजींचं नाव दुर्गाबाई. मुलगा संतोष आणि सून नम्रता दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होते, म्हणून गेल्या वर्षी त्या पुण्यात आल्या होत्या.

"दोघंबी डाएटवर हायेत," दुर्गाबाई खाली बघत म्हणाल्या. "सकाळी ओट्स, रात्री सूप. मी काही केलं की सून म्हणते, आई, मस्त झालंय. अन् चमचाभर चाखून झाकून ठेवते. मंग मी रांधू कोणासाठी? हे पोट्टे कसे मन लावून खातात!"

बाईंचा निम्मा राग तिथेच उतरला. त्यांनी क्षणभर विचार केला.

"द्या तुम्ही खाऊ. पण शाळेत पोचल्यावर. आणि डबा घेऊन आमच्याबरोबर चालायचं, पूर्ण फेरी."

"त्यात काय हाय!" दुर्गाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या रांगेत उभ्या राहिल्या. डबा कुणीही धरायचा नाही, अशी बाईंची मुलांना ताकीद होती. तांबट आळी येईपर्यंत दुर्गाबाईंना धाप लागली. कधी या हातात, कधी त्या हातात असा डबा बदलत त्या गेनबांच्या दुकानासमोरून निघाल्या.

"काय दुर्गाबाई, शाळेत नाव घातलंत?"

"घातलं. पाचवीत. तुम्ही पहिलीपासून सुरू करा."

शाळेच्या पायरीवर पोचल्यावर मात्र त्यांच्यात वडी वाटायचंही त्राण उरलं नव्हतं. पोरांनीच त्यांना पाणी आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी डबा लहान झाला. पुढच्या आठवड्यात त्यात मोड आलेले मूग आले, मग काकडी, पेरूच्या फोडी. "तळलेलं लई जड पडते उचलाले," दुर्गाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. गेनबांनी एकदा जिलबी पुढे केली, तर त्या आडव्याच आल्या. "द्यायची असन तं चाला आमच्यासंगं!" गेनबा काही चालले नाहीत, पण जिलबी थांबली. पोरं चार दिवस कुरकुरली आणि मग पेरूवरून भांडू लागली.

आपल्या सासूबाई रोज सकाळी जातात तरी कुठे, हे नम्रताला कळेना. एका शनिवारी तिला सुट्टी होती. नवेकोरे पांढरे बूट घालून तीही त्यांच्या मागोमाग रांगेत आली. "मी जिमला जाते, मला सवय आहे," तिने मैत्रीबाईंना सांगितलं.

दुसऱ्या चढालाच तिने भिंतीला हात टेकला. "आई रोज एवढ्या जोरात चालतात?"

"सुरुवातीला नव्हत्या चालत," मैत्रीबाई म्हणाल्या आणि नम्रताला दम खाता यावा म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली.

अख्खी पाचवी ब जागच्या जागी थांबली. दुर्गाबाई थांबल्या नाहीत. डबा काखेत मारून त्या तशाच पुढे कोपऱ्यावरून वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.