गुलाबी रुमाल

कोरा पांढरा रुमाल मुलीच्या ओल्या तळहातावर पडला आणि बघता बघता गुलाबी झाला. सभागृहातल्या दीडशे माणसांनी श्वास रोखला.

"बाधा," महाराज हळहळले. त्यांना हळहळणं छान जमायचं. "सात पिढ्यांपासूनची आहे. आतल्या खोलीत एकटीला बसवावं लागेल. आईची सावलीसुद्धा नको."

गर्दीनं हात जोडले. तिनं आपली अक्कल चपलांसोबत बाहेरच काढून ठेवली होती.

दारात उभ्या असलेल्या शिवणकामवाल्या मावशीनं मात्र हात जोडले नाहीत. रुमाल धरलेली मुलगी तिची सख्खी भाची होती, अकरा वर्षांची. बहिणीनं तिला न सांगता पोरीला इथं आणलं होतं. शेजारणीकडून कळताच ती दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन धावत आली होती. ती आतली खोली मावशीला चांगली ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी, महाराजांची दाढी काळी असताना, तिलाही तिथं एकटीला बसवलं होतं. तिथं तिच्यावर जो अत्याचार झाला, तो चाळिशी उलटेपर्यंत तिनं कुणाला सांगितला नाही.

सांगितला तो डॉक्टरीणबाईंना. पुढे त्याच खोलीतून आलेल्या आणखी तिघी दवाखान्यात भेटल्या. दुपारी पाचही जणी एकत्र बसू लागल्या. आत जाण्याआधी काय काय झालं, हे डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा विचारत आणि लिहून घेत. चौघींना दोन गोष्टी आठवल्या. दारात सेविका हात धुवायला लावायची, ते पाणी बुळबुळीत असायचं. आणि त्याआधी ती लाडानं विचारायची, "मनातलं कुणाला सांगतेस गं तू?"

"ताई, हिला घरी ने," मावशी पुढे होत म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. सगळ्यांनी पाहिलंय."

"मग आणखी एकदा पाहू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दारात दोन झाऱ्या होत्या. डावीकडच्या झारीनं त्यांनी स्वतःचे हात धुतले आणि ताटातला कोरा रुमाल उचलला. तो गुलाबी झाला. मावशीनं उजवीकडच्या झारीनं हात धुतले, तिचा रुमाल पांढराच राहिला.

"देवाची परीक्षा घेणाऱ्याचं वाटोळं होतं," महाराज डोळे मिटून म्हणाले.

"देवाची नाही, पाण्याची घेतेय. डावीकडच्या पाण्यात धुण्याचा सोडा आहे. रुमालांना जी भुकटी फासलीय, ती शाळेच्या प्रयोगशाळेतही असते. सोडा लागला की ती गुलाबी होते, हात कुणाचाही असो."

"पण मग हिलाच का?" बहिणीनं विचारलं.

मावशी भाचीसमोर गुडघ्यावर बसली. "हात धुण्याआधी सेविकेनं काय विचारलं तुला?"

"मनातलं कुणाला सांगतेस, असं."

"आणि तू?"

"कुणालाच नाही म्हटलं."

मावशी उठली आणि दीडशे माणसांकडे वळली. "मीही हेच उत्तर दिलं होतं, म्हणून मलाही डावीकडचंच पाणी मिळालं. मीही त्या खोलीत बसलेय. हा माणूस बाधा शोधत नाही, गप्प बसणारी पोर शोधतो."

बहिणीनं रुमाल फेकून लेकीला पोटाशी धरलं. सेविका मागच्या दाराकडे सरकली, पण तिथं डॉक्टरीणबाईंनी बोलावलेले पोलीस पोहोचले होते.

"आईबापाला बाहेर ठेवून लेकराला एकटं मागणारा इलाज हा इलाज नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चमत्कार दिसला की आधी त्याचं पाणी तपासा."

पहिल्या रांगेतली एक म्हातारी हळूच उठली. "माझी नात आठ दिवसांपूर्वी आत जाऊन आली. तेव्हापासून एक शब्द बोललेली नाही. आम्ही म्हटलं, बाधा उतरली, पोर शांत झाली."

मावशीनं जाऊन तिचा हात धरला.

"चला, आजी. मी आणि डॉक्टरीणबाई येतो तुमच्याबरोबर. खोदून विचारायचं नाही. ती बोलेल तेव्हा ऐकायचं, आणि खरं मानायचं."