सहाशे इको आणि एक सही

हृदयविकारतज्ज्ञांच्या वरच्या परीक्षेला बसायचं तर सहाशे इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफ्या, स्वतः बघून रिपोर्ट लिहावे लागतात. ते खरोखर बघितलेत अशी सही मी करायची. इको-रूमची मी सतरा वर्षांपासूनची इनचार्ज. माझी सही चिरीमिरीसारखी वाटली जात नाही.

आमच्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंना सगळे 'बुलेट' म्हणतात. महिन्यापूर्वी तिचे चारशे झाले होते, आता एकदम पाचशे नव्वद. अर्ज शुक्रवारी बंद होणार. बरं, निम्मे रिपोर्ट 'नॉर्मल'. एवढी माणसं धडधाकट होती तर इथे कशाला आली? कुठेतरी पाणी मुरत होतं. पोरगी चित्रं न उघडताच 'नॉर्मल' ठोकत असणार.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मीच इकोच्या पलंगावर आडवी झाले. दुसऱ्या टेक्निशियन बाईला म्हटलं, "मापं घेत बसू नकोस. नुसती माझ्या हृदयाची चित्रं घे आणि कुठलंही खोटं नाव टाक."

"अहो, कशाला नसती उठाठेव?"

"कळेल."

फाइल बुलेटच्या गठ्ठ्यात सारली. ती कधी आणि किती वेळ उघडली, हे त्या दिवसापुरतं कॉम्प्युटर सांगतोच. न उघडता रिपोर्ट आला, की सही नाही आणि परीक्षाही नाही.

चार वाजता बुलेट धापा टाकत आली. "ताई, ही पेशंट कुठली? वॉर्डात नाही, रजिस्टरला नाही."

"तुला काय करायचंय? नॉर्मल लिही आणि मोकळी हो," मी खडा टाकला.

"नॉर्मल? हिची महाधमनी मुळाशी फुगलीये. पाच पॉइंट सहा सेंटिमीटर. तीनदा मोजली मी. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही. कोणी घरी कसं सोडलं हिला?"

मी फाइल उघडली. कॉम्प्युटरवर वेळ होती, बावीस मिनिटं. सतरा वर्षं लोकांची हृदयं बघणाऱ्या मला फुगवटा दाखवावा लागला नाही. दुपारपासून ती चित्रं तिथे पडून होती आणि मी एकदाही बघितली नव्हती. आधी लाज वाटली, भीती नंतर आली.

"ताई, बोला ना! फोन तरी लावा तिला. कुठे आहे ती?"

मी खुर्ची ओढून हळूच बसले.

"ही काय," मी म्हटलं, "तुझ्यासमोर."