डाव्या हाताचा समुद्र

"डावी बाजू सोड, वृंदा!" कालिंदीआत्याने मला दंडाला धरून उजवीकडे ओढलं. "किती वेळा सांगायचं? पाण्याच्या आणि माझ्या मध्ये यायचं नाही."

"अगं, पण इथून बोट किती छान दिसतेय!"

"माझ्या मागून बघ."

मागून! गेल्याच आठवड्यात बंगाली मुलींना बंगालीतच हरवून वादविवादात पहिली आलेली मी, आणि मी म्हणे मागून बघायचं! पण आत्यापुढे माझं वक्तृत्व चालत नसे.

दर रविवारी सकाळी खिदिरपूरहून ट्रामने आम्ही हेस्टिंग्जला उतरायचो आणि फोर्ट विल्यमला फेरी घालायचो. आधी नदीकाठ, मग ईडन गार्डनच्या कोपऱ्याला वळून रेड रोडने परत. किल्ला उजव्या हाताला, डावा हात मोकळा. आत्याचं सासर कोकणात. तिथे म्हणे एक डोंगर नाकासारखा समुद्रात शिरलाय आणि त्याच्यावर किल्ला आहे. ज्यांचे नवरे बोटीवर गेलेत, त्या बायका त्या डोंगराला फेरी घालतात. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि त्या बाजूला कुणाला येऊ द्यायचं नाही, कारण ती नवऱ्याच्या येण्याची वाट. आणि नवरा बुडाल्याची बातमी आली, तर बाई एकदाच उलटी फेरी घालते. मग कधीच नाही.

"पण आत्या, ही नदी आहे," मी म्हणायची.

"हेच पाणी पुढे खारं होतं."

"आणि रेड रोडला? तिथे तर डावीकडे नुसतं मैदान!"

"धुकं पडू दे, मग बोल."

आतोबा रंगूनच्या बोटीवर इंजिनात तेलपाणी बघायचे. रंगूनवर बाँब पडले तेव्हा ते तिकडे होते. त्यानंतर ना बोट आली, ना खबर. महिन्याभरासाठी म्हणून आमच्याकडे ठेवलेली आत्या आमच्याकडेच राहिली. बाबा रेल्वेच्या गार्डन रीचच्या ऑफिसात जायचे आणि आत्या माझ्याच शाळेत शिवण शिकवायची. सगळ्या मुली तिच्यावर खूश! कारण आत्या आमच्या करारी हेडमिस्ट्रेसबाईंनाही 'तुमि' म्हणायची. बंगालीत 'तुमि' म्हणजे आपलं 'तू', मोठ्यांना 'आपनि' म्हणायचं असतं, हे मी तिला शंभरदा समजावलं. "तुम्ही म्हटलं की झाला मान," ती म्हणायची. हेडमिस्ट्रेसबाईंनी शेवटी नाद सोडला.

एका शनिवारी संध्याकाळी दिगंबर तांडेल आले. आत्याच्या सासरच्या गावचे, बोटीवरचे. त्यांची बोट दोन दिवसांसाठी खिदिरपूरच्या गोदीत लागली होती. आत्याने त्यांना जेवायलाच बसवलं. दोन घास झाले आणि ते म्हणाले, "वहिनी, विनायक जिवंत आहे. रंगूनच्या पलीकडे, मोलमीनला भेटला मला. ह्या डोळ्यांनी बघितला."

मी टुणकन उडीच मारली! आईने देवापुढे साखर ठेवली, बाबा संदेशची मिठाई आणायला म्हणून चपला घालायला लागले. आत्या हातात भाताची वाढणी घेऊन नुसती हसत उभी. इतकी सुंदर मी तिला कधी बघितली नव्हती.

तांडेल मात्र ताटातच बघत होते.

"त्याचं तिकडे घर आहे, वहिनी. लढाईत तापाने मरायला टेकला होता, तिकडच्याच एका बाईने वाचवला. दोन मुलगे आहेत."

बाबा एका पायात चप्पल घालून तसेच खाली बसले.

"काही निरोप?" आत्याने विचारलं.

"म्हणाला, ती सुखात असेल तर भेटलो म्हणून सांगू नकोस." तांडेलांनी मान खाली घातली. "पण मला गप्प बसवेना."

आत्याने त्यांच्या पानात भात वाढला. "सावकाश जेवा. आमटी गार झाली का हो?"

तांडेल गेल्यावर बाबांचा भडका उडाला. "मेला तो आपल्याला! उद्या उलटी फेरी घाल आणि सूट एकदाची!"

"दादा, जित्या माणसाची उलटी फेरी? असलं बोलू नये."

"मग काय, सरळ घालणार? त्याच्यासाठी?"

आत्या ताटं गोळा करत राहिली.

रविवारी हेस्टिंग्जला उतरलो. डावीकडे नदी, उजवीकडे रेड रोड. सरळ की उलटी? आत्या क्षणभर थांबली आणि नेहमीसारखी नदीकडे वळली. मला असा संताप आला! इतकं ऐकूनही ही त्या माणसासाठी चालणार? मी फणकाऱ्याने उजवीकडून चालत राहिले. तिचा डावा हात नेहमीसारखाच अंगापासून थोडा दूर, रिकामा. नदीत कुठेतरी भोंगा झाला. तिने वळूनही पाहिलं नाही.

ईडन गार्डनचा कोपरा वळून आम्ही रेड रोडला लागलो आणि मी बघतच राहिले. धुक्याने मैदान पार गिळलं होतं. झाडं नाहीत, पलीकडचा चौरंगी रस्ता नाही, रस्त्याच्या काठापासून जे पांढरं सुरू झालं होतं ते संपतच नव्हतं. खरंच समुद्र!

आत्या थांबली.

"ते बरे आहेत म्हणे," ती म्हणाली.

मी चमकले. आत्याच्या तोंडी आतोबा नेहमी 'हे' असायचे. हे असं म्हणत, ह्यांना कारलं आवडत नाही, जसे काही शेजारच्या खोलीत दाढी करतायत. आज पहिल्यांदाच ते 'ते' झाले होते.

मग तिने पदर खोचला, निऱ्या किंचित उचलल्या आणि रस्ता सोडून डावीकडे गवतात पाय टाकला.

"आत्या! अगं, तू समुद्रात चाललीस!"

"चाललेय."

काठावरचा शेंगदाणेवाला आम्हाला वर्षानुवर्षं ओळखायचा. तो पाटी सोडून उठलाच. "बहनजी, उधर कहाँ? रास्ता तो इधर है!"

"आज इकडूनच," आत्या त्याला चक्क मराठीत म्हणाली.

मी धावत तिला गाठलं. "पण फेरी अर्धी राहिली ना!"

"राहू दे. सरळ घालायला ते यायचे नाहीत. उलटी घालायला ते गेलेले नाहीत. असल्या नवऱ्याची फेरी आमच्या गावात कुणाला ठाऊकच नाही गं."

चार पावलं गेलो आणि रस्ता मागे दिसेनासा झाला. दवाने आमचे पाय भिजले. सवयीने मी तिच्या उजवीकडूनच चालत होते.

"ये," आत्या म्हणाली. "ह्या बाजूला ये."

मी वळसा घालून तिच्या डावीकडे गेले. तिने माझा हात धरला. तिचा हात गारठला होता आणि सुईने खडबडीत झालेलं तिचं बोट माझ्या तळव्याला लागत होतं. पुढे कुठेतरी ट्रामची घंटा वाजत होती, पण दिसत काहीच नव्हतं. माझी पावलं अडखळली.

"चाल गं, घाबरू नकोस," आत्या म्हणाली. "पायाला तळ लागतोय."