खाली ठेवलेला पेला

मला धरायला कान नाही, पण ऐकायला आहेत. मी कॉफीचा पेला बोलतोय. मूठभरसुद्धा नाही एवढा माझा जीव. कड सोनेरी, पोटावर एक निळं फूल. फुरात नदीच्या काठी माझं आयुष्य गेलं आणि खरं सांगायचं तर माझ्या लायकीपेक्षा चांगलं गेलं.

जन्माने मी चिनी. तिकडच्या कुठल्याशा भट्टीत भाजून, भुशात गुंडाळून मला बगदादच्या बाजारात आणलं. तिथून शेख दहामने मला भावंडांसकट उचललं. त्याच्या बैठकीत वेलदोडा घातलेली कडू कॉफी पहिल्यांदा पोटात पडली आणि त्या दिवसापासून मी इथलाच झालो.

अल्बू नाजिर टोळीची ती बैठक. तिथे सोयरिकी जुळत, भांडणं मिटत, नवी सुरूही होत. माणसं बोलता बोलता खोटं बोलत, पण मला हातात धरून बोलताना जरा कमी बोलत, असं माझं निरीक्षण आहे. आमच्याकडे पाहुणा काही मागायला आला, तर तोंडाने मागत नाही. कॉफी घेतो, पण पीत नाही. पेला समोर खाली ठेवतो. यजमानाने ओळखायचं आणि म्हणायचं, "कॉफी प्या, तुमचं काम झालं." मग पाहुणा पितो. न पिता उठून गेला, तर त्या दोन घरांत वैर.

मग युद्ध झालं आणि परकी फौज आली. जुन्या पाटबंधारे कचेरीत एक मेजर येऊन बसला. गावासाठी कौन्सिल नेमायची, त्यावर कोणती टोळी किती माणसं देणार, हे तोच ठरवणार होता. शेख दहामने रीतीप्रमाणे त्याला भेट दिली: एक पितळी किटली आणि मी. मेजरला मी आवडलो. त्याने माझ्यात टाचण्या ठेवल्या.

टाचण्यांचे दिवस वाईट होते. पण मेजरच्या टेबलावरून सगळं गाव दिसायचं. शेख हाबिस यायचा. नदीच्या खालच्या अंगाच्या अल्बू सहल टोळीचा. पाण्याचा पंप आपल्याकडे हवा म्हणून त्याची आणि दहामची जुनी खुन्नस होती, त्यात कौन्सिलच्या खुर्च्यांची भर पडली.

अशातच फौजेने दहामचा मुलगा नव्वाफ याला नाक्यावरून उचललं. हाबिसच्या लोकांनीच चुगली केली, असं गावभर झालं. पुढचं मी मागाहून ऐकलेलं. हाबिस दहामच्या बैठकीत गेला, कॉफी प्यायला आणि शपथेवर म्हणाला, "हे आमचं काम नाही." हाबिस दाराबाहेर पडताच दहामने उष्टा पेला उंबऱ्यावर फोडायला लावला. यापेक्षा मोठा अपमान आमच्याकडे नाही. तो पेला माझा सख्खा भाऊ. त्या दिवसापासून दोन्हीकडे बंदुका तेलपाणी करून तयार झाल्या.

नव्वाफची आई मात्र नवऱ्याला म्हणाली, "त्या परक्याकडे जा. पोराला माग."

"दहाम कुणाकडे मागत नाही."

"मग मागू नका. पेला खाली ठेवा."

कौन्सिलच्या बोलणीसाठी मेजरने दोन्ही शेखांना बोलावलं, तेव्हा दहामने तेच केलं. कचेरीतल्या जब्र शिपायाने माझ्यातल्या टाचण्या काढल्या, मला विसळलं, भरलं आणि दहामच्या हातात दिलं. दहामने मला हळूच समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि तो ताठ बसून राहिला.

मेजरला काय कळणार? तो जनरेटरवर बोलला, शाळेच्या छपरावर बोलला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याचा दुभाष्या मोरोक्कोचा. त्यालाही आमची रीत ठाऊक नव्हती.

"साहेब विचारतायत, कॉफी आवडली नाही का?"

"कॉफी उत्तम आहे," दहाम म्हणाला. हात मांडीवरच.

मेजर भला माणूस. त्याने साखर मागवली आणि स्वतः माझ्यात दोन चमचे टाकली. तरी दहाम पीत नाही म्हटल्यावर दुधाची पावडर टाकली. जब्रने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझी शरमेने माती झाली.

मी गार होत चाललो. बाहेर दहामची माणसं गाड्यांत बसून होती. मला भरलेला सोडून तो उठला असता, तर पोरगा तर गेलाच असता, पण संध्याकाळच्या आत हाबिसच्या मळ्यात गोळीबार झाला असता. दहामने खांद्यावरचा अबा, तो सैल झगा, सावरला. तो उठणार, तेवढ्यात समोरून शेख हाबिसच उठला.

"ए दुभाष्या, सांग तुझ्या साहेबाला. हा माणूस केव्हाचा त्याच्याकडे आपला पोरगा मागतोय आणि हा त्याला साखर चारतोय!"

मेजर चमकला. "पण हे तर काहीच बोलले नाहीत."

"बोलला असता तर त्याच्याकडे उरलं काय असतं? रीत सांगतो, ऐक."

त्याने रीत सांगितली. मेजरने हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाला की मुलावर काही शाबीत झालेलं नाही, सोडता येईल. पण दुसऱ्या टोळीचा जामीन हवा. मुलाने आगळीक केली, तर जामीन आत जाईल.

दहामच्या मुलाला दुसरी टोळी कशाला जामीन राहील?

"मी राहतो," हाबिस म्हणाला. त्याने बोटातली शिक्क्याची अंगठी काढून मेजरपुढे टाकली आणि दहामकडे वळला. "नव्वाफच्या बापा, कॉफी पी. तुझं काम झालं."

"तू?" दहाम म्हणाला. "माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? भरलेला पेला तसाच राहिलेला मला बघवत नाही. उंबऱ्यावर माझा पेला फोडलास, ते विसरलो नाहीये मी. त्याचं आपण सावकाश बघू. आधी पी."

प्यायचं म्हणजे वैऱ्याचे उपकार घ्यायचे, तेही सगळ्यांच्या देखत. दहामच्या जबड्याची शीर उडताना मला दिसत होती. मग त्याने मला उचललं. ती गार, गोड, दुधाळ घाण तो एका घोटात प्यायला आणि डोळे पुसले.

"आयुष्यात इतकी भिकार कॉफी प्यायलो नाही," तो म्हणाला.

"पोरगा स्वस्तात सुटला मग," हाबिस म्हणाला आणि जब्र शिपायाला हसू आवरेना.

जाताना दहामने मेजरला न विचारताच मला खिशात टाकलं.

नव्वाफ त्याच आठवड्यात घरी आला. त्याला दुसऱ्याच कुणाऐवजी धरलं होतं. चुगली कुणीच केली नव्हती. हे कळल्यावर दहाम चार म्हातारे बरोबर घेऊन हाबिसच्या दारात गेला, त्याच्या खांद्यावर ओठ टेकवले आणि मला त्याच्या हातात ठेवलं. तेव्हापासून मी अल्बू सहलच्या घरचा. पंपावरून दोघे पुढेही भांडले, कडाकडा भांडले. पण माणसं मेली नाहीत.

फौज गेली, कौन्सिल मोडली, मेजर कुठे आहे अल्लाह जाणे. माझी सोनेरी कड आता उडाली आहे, अंगावर केसाएवढी चीर आहे. तरी हाबिसची नात मला रोज धुऊन पालथा घालते. तिचे आभार. साखर घालणाऱ्या त्या मेजरचेसुद्धा आभार; त्याने निदान विचारलं तरी.

गेल्या हिवाळ्यात हाबिस वारला, आपल्या अंथरुणात. दुखवट्याच्या तंबूत कॉफी घरच्यांनीच ओतायची असते. तिथे किटली धरून, वाकलेल्या पाठीने, दारात उभा होता शेख दहाम. मुलं "चाचा, बसा" म्हणत राहिली. तो बसला नाही. दूर गावाहून आलेला एक माणूस माझ्यातून कॉफी प्यायला, मला परत देताना दहामचा हात धरून म्हणाला, "अल्लाह तुमच्या भावाला जन्नतमध्ये जागा देवो."

आसपासच्यांनी चमकून पाहिलं. दहामने मला पुसलं.

"आमीन," तो म्हणाला आणि पुढच्यासाठी मला भरलं.